अंग चोरणे: उपचारानंतरच्या देहाचे साहित्य

आजाराविषयी लिहिलेली पुस्तके बहुधा रुग्ण घरी परतला की संपतात. निदानाचा धक्का, शस्त्रक्रिया, गळणारे केस, नातेवाइकांची धावपळ आणि शेवटी डॉक्टरांचा हसरा चेहरा, असा हा ठरलेला प्रवास. स्तनाच्या कॅन्सरवरची जी अनुभवकथने माझ्या वाचनात आली त्यांपैकी बहुतेकांची घडण अशीच आहे. शेवटच्या पानावर बाई ‘बरी’ होते आणि पुस्तक मिटते. बरे होणे म्हणजे काय, ते कोणाच्या नजरेने ठरते, आणि बऱ्या झालेल्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे, हे प्रश्न त्या पुस्तकांना पडत नाहीत. याचे कारण लेखिकांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा त्यांच्या घरात शोधावे. ज्या घरात स्वयंपाकाला बाई आहे, नोकरीत पगारी रजा आहे, आणि तपासणीची तारीख म्हणजे गाडी काढून जाऊन येण्याचा एक दिवस आहे, तेथे उपचार संपले की आजाराची गोष्ट संपल्यासारखी वाटते. ज्या घरात रोज हात हलल्याशिवाय चूल पेटत नाही तेथे गोष्ट त्या दिवशी सुरू होते. ही दुसरी गोष्ट आपल्या साहित्यात का आली नाही, आणि आली तर तिची समीक्षा कशी करायची, याचा विचार मला येथे करायचा आहे. त्यासाठी मी आधार घेणार आहे एका परक्या पुस्तकाचा, जे आपल्याला परके वाटू नये.

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून घेतले. त्या दशकात आपल्या नियतकालिकांनी ‘निग्रो साहित्य’ या नावाने त्या लेखनाची चर्चाही केली. पण त्या चर्चेत पुढे आले ते मुख्यतः पुरुष लेखक. काळ्या बाईचे काळ्या बाईविषयीचे लेखन आपल्याकडे उशिरा पोहोचले, आणि पोहोचले तेही विद्यापीठातील अभ्यासक्रमाच्या दारातून. ऑड्री लॉर्ड ही त्यांपैकी एक. जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कचा. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. स्वतःची ओळख ती काळी, समलिंगी, स्त्रीवादी, आई आणि कवयित्री अशी करून देई आणि यांतला एकही शब्द गाळायला तयार नसे. १९७८ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला. ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे तिचे लहानसे पुस्तक १९८० साली आले. त्यात रोजनिशीतल्या नोंदी आहेत, निबंध आहेत, आणि आजारापूर्वीच्या एका गाठीच्या भीतीतून १९७७ साली केलेले एक भाषणही आहे.

या पुस्तकात शस्त्रक्रियेची हकीकत आहे, पण त्याचे हृदय शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आहे. दवाखान्यात असतानाच एका स्वयंसेवी संस्थेची बाई लॉर्डला भेटायला येते. ती स्वतः या दुखण्यातून गेलेली, मायाळू, उत्साही. ती लोकरीचा एक गोळा घेऊन येते, ब्रेसियरमध्ये भरायला. तो घातला की काही झालेच नाही असे दिसेल, पुरुषांनाही कळणार नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख. लॉर्ड तो घालून पाहते. तो वाकडा बसतो, निर्जीव वाटतो, आणि त्याचा रंग गोऱ्या बाईच्या कातडीचा असतो. एवढ्या एका तपशिलात वंशवादावरची अनेक व्याख्याने मावतात. बरे होण्याचा जो नमुना तिच्यासमोर ठेवला गेला, तो मुळात तिच्या देहासाठी बेतलेलाच नव्हता.

काही दिवसांनी ती टाके काढायला डॉक्टरांकडे जाते. न्हालेली, आवडीचे कपडे घातलेली, जिवंत राहिल्याच्या आनंदात. तेथील परिचारिका तिला विचारते, कृत्रिम स्तन का घातला नाही? नाही घातला तर येथे येणाऱ्या इतर बायकांचे मनोबल खचते. हे वाक्य लॉर्ड विसरत नाही. जेथे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई याच आजाराची, तेथेसुद्धा कोणी कोणाला दिसायचे नाही, हा नियम कोणाच्या सोयीचा? त्याच काळात इस्रायलचे मोशे दायान एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून जगभर हिंडत होते. त्यांना काचेचा डोळा बसवून या, असे कोणी म्हणाले नाही. ती युद्धाची खूण होती, म्हणून मानाची. बाईच्या देहावरची खूण मात्र झाकायची. लॉर्ड पुढे म्हणते की लाकडी पाय चालायला लागतो, कवळी चावायला लागते; हा गोळा फक्त पाहणाऱ्याला लागतो. आणि तो घालून सगळ्या बायका सारख्या दिसू लागल्या की त्या एकमेकींना ओळखूही शकत नाहीत. ज्या एकमेकींना ओळखत नाहीत त्या मिळून काही मागूही शकत नाहीत.

हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला एक कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. नव्या गावी नोकरीला आलेला तरुण जात सांगत नाही. ती उघडकीला येते आणि तो मार खातो. ‘चोरणे’ हे क्रियापद बागुलांनी नेमके उचलले आहे. स्वतःचीच गोष्ट स्वतःच चोरायची आणि वर चोर ठरायचे, ही अवस्था मराठीत दुसऱ्या कुठल्या शब्दाने सांगता येईल असे मला वाटत नाही. याच क्रियापदाचा आणखी एक प्रयोग आपल्या भाषेत आहे: अंग चोरणे. परक्याच्या ओसरीवर अंग चोरून बसणे म्हणजे जागा न व्यापता, नजरेत न भरता बसणे. आपल्या आज्या तशाच बसत. आणि कामात अंग चोरणे म्हणजे कामचुकारपणा करणे. पहिल्या अर्थाने अंग चोरावे अशी समाजाची आज्ञा, दुसऱ्या अर्थाने अंग चोरले म्हणून समाजाचाच ठपका. कॅन्सरच्या उपचारानंतर कष्टकरी बाई या दोन अर्थांच्या कात्रीत सापडते. लॉर्डने पहिला अर्थ असामान्य धैर्याने उकलला आहे. दुसऱ्याकडे तिचे लक्ष फारसे गेलेले नाही, आणि तेथून आपले काम सुरू होते.

त्याआधी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच बायकांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि ओळख पटवणारे जड दागिने टाकायला सांगितले. जातीची खूण पुसण्याचा तो उपदेश आणि देहाची खूण झाकण्याचा हा सल्ला, यांत फरक काय? फरक मोठा आहे. महाडला टाकलेली खूण दुसऱ्याने लादलेली होती. ती टाकली गेली भर सभेनंतर, समूहाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्यांनी ती टाकली त्यांनी आपण कोण हे लपवले नाही. उलट आम्ही माणसे आहोत हे सांगण्यासाठीच टाकली. कृत्रिम स्तनाचा सल्ला एकेकटीला, पडद्याआड, हळू आवाजात मिळतो, आणि त्याचा हेतू झालेले झालेच नाही असे दाखवण्याचा असतो. एक कृती बाईला समूहात आणते, दुसरी समूहातून वेगळी काढते. मात्र यातून लॉर्डचा नकार हा सर्वांसाठी नियम करू नये. आज सुती धाग्याचे विणलेले, हलके, स्वस्त किंवा फुकट मिळणारे कृत्रिम स्तन आपल्याकडेही मिळतात. काही बायकांना त्याने खांद्याचा तोल सांभाळता येतो, काहींना एस. टी.त लोकांच्या नजरा चुकवता येतात. त्यांना कमी धीराच्या म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. प्रश्न एवढाच की ठरवते कोण.

आता त्या दुसऱ्या अर्थाकडे येतो. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले असे म्हणतात तेव्हा शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार संपलेले असतात. त्यानंतर पहिली तीन वर्षे साधारणपणे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी, आणि मग वर्षातून एकदा तपासणीला जायचे असते. वर्षाला एक मॅमोग्राम. गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी. टॅमॉक्सिफेन असेल तर अंगातून वाफा निघतात. लेट्रोझोलसारखी गोळी असेल तर सांधे धरतात आणि हाडे झिजतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, सुजू शकतो. त्या हाताला कापले, खरचटले, जंतू शिरले तर सूज वाढते. ही सगळी माहिती फाईलबरोबर मिळणाऱ्या पत्रकात असते. पत्रक ज्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते ती बाई हातमोजे घालून भांडी घासते आणि तिला जड पिशवी उचलायला दुसरे कोणीतरी असते.

माझी आई परभणी जिल्ह्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारी. तिचे उपचार मुंबईला झाले आणि ते चांगले झाले. परत आल्यावर पहिला हंगाम कापूस वेचणीचा होता. वेचणी ज्यांनी केली त्यांना सांगायला नको की वाळलेल्या बोंडाची टोके किती धारदार असतात. दिवस मावळेपर्यंत बोटे ओरबाडून निघतात. वेचणीचे पैसे किलोवर. दोन्ही हात चालले तर रोज पडतो. तिचा उजवा हात दुपारनंतर जड होई, बांगड्या रुतत. मुकादमाने चारचौघींत म्हटले, “काम आलं की अंग चोरती.” उपचारांच्या काळात याच माणसाने सहानुभूती दाखवली होती, चौकशी केली होती. आजारी बाईला दया मिळते, बरी झालेल्या बाईला हिशोब विचारला जातो. आईचा प्रश्न त्याहून साधा होता: “बरी झाली म्हणत्यात, मग हात का उचलंना?” याचे उत्तर तिच्या फाईलमध्ये एका ओळीत होते: जड उचलू नये. हलके काम कुठे मिळते, हे त्या ओळीत नव्हते.

आणि ती ओळसुद्धा अर्धीच खरी आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात सुजलेल्या बायकांना देखरेखीखाली, अगदी थोड्यापासून सुरुवात करून, हळूहळू वजन उचलायला शिकवले गेले. त्यांची सूज वाढली नाही. उलट हातात ताकद आली आणि त्रास कमी झाला. म्हणजे हात जपायचा तो त्याला बसवून ठेवून नव्हे, त्याला कामाकडे पायरीपायरीने परत नेऊन. पण त्यासाठी कोणीतरी त्या बाईला विचारावे लागेल की तू खुरपे कोणत्या हाताने धरतेस, पाण्याची घागर कुठून आणतेस, तुझ्या पाटीत किती ओझे असते. शहरातली व्यायामाची चित्रे तिला उपयोगाची नाहीत. कष्ट हा ज्या देहाचा स्वभाव आहे त्याच्या पुनर्वसनाचे शास्त्र कष्टापासूनच सुरू झाले पाहिजे.

येथे लॉर्डचा दुसरा मोठा विचार आपल्या कामाला येतो. तिच्या १९७७ च्या भाषणाचा विषय मौन हा आहे. गप्प राहिल्याने आपण वाचत नाही, कारण ज्याची भीती वाटते ते गप्प राहूनही घडतेच, असा तिचा युक्तिवाद. आपल्याकडे हा विचार बहुधा घोषणेसारखा वापरला जातो. पण उपचारानंतरच्या तपासणीचे स्वरूप पाहा. लक्षण नसताना पुन्हा पुन्हा स्कॅन आणि रक्ताच्या चाचण्या करत बसू नये, असे वैद्यकातील मार्गदर्शक सूचनाच सांगतात. खरा भर डॉक्टरने विचारण्यावर, हाताने तपासण्यावर आणि बाईने सांगण्यावर असतो. नवी गाठ, कातडीवरचा फोड, हाडातले न थांबणारे दुखणे, दम लागणे, हे तिने बोलायला हवे. यंत्र नंतर येते, आधी बोलणे येते. मग जिला लहानपणापासून अंग चोरून बसायला शिकवले, साहेबासमोर मान वर करायची नाही हे जिच्या हाडात मुरले, ती दोन मिनिटांत उरकणाऱ्या खोलीत परक्या पुरुषासमोर काय बोलणार? तिचे ठरलेले उत्तर असते, “बरं हाय.” हे उत्तर नम्रतेचे नाही, शतकांच्या सवयीचे आहे. लॉर्डने जे मौन साहित्याच्या व्यासपीठावर मोडले ते आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाच्या खोलीत मोडावे लागेल. तेथे ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या आपल्या आवडत्या शब्दांना अगदी साधा अर्थ येतो: दुखते ते सांगणे, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून न उठणे.

लॉर्डच्या पुस्तकाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. तिला मैत्रिणींचे मोठे जाळे होते, लेखणी होती, डॉक्टरांशी वाद घालण्याची भाषा होती. १९८४ साली तिचा आजार यकृतात पसरल्याचे दिसले. तिने यकृतातील तुकडा काढून तपासण्यास नकार दिला आणि पुढे स्वित्झर्लंडमधील एका दवाखान्यात वेगळ्या पद्धतीचे उपचार घेतले. ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या १९८८ च्या पुस्तकात तिने ही वर्षे लिहिली आहेत. १९९२ साली ती गेली. डॉक्टरांवरचा तिचा अविश्वास एका विचारी बाईची निवड होता. आपल्याकडे अविश्वासाचा अर्थ एवढाच होतो की बाई पुढच्या तारखेला गेलीच नाही. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीच्या प्रवासालाही सवलत देते. पण दोन दिवसांचा बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचा रोज कोणत्याच खिडकीवर परत मिळत नाही. त्यामुळे तिचा अविश्वास आणि तिचे दारिद्र्य वेगळे काढता येत नाही. लॉर्डचा नकार जसाच्या तसा आणून आपल्या बायांना देणे म्हणजे त्यांना दवाखान्यापासून आणखी दूर नेणे होईल. तिच्याकडून घ्यायची ती दृष्टी.

सुझन सोंटॅगने ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हे पुस्तक १९७८ साली लिहिले. तिलाही हाच आजार होऊन गेला होता, पण त्या पुस्तकात ती स्वतःविषयी एक शब्द लिहीत नाही. आजाराला युद्धाची, पापाची, शापाची रूपके चिकटवू नका, हा तिचा आग्रह. आपल्या कॉलेजांतून ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावून ‘कॅन्सर योद्ध्यां’चा सत्कार होतो तेव्हा मला हा आग्रह आठवतो. योद्धा म्हटले की युद्ध संपलेले असते, विजय झालेला असतो, आणि हरलेली बाई कमी लढली असा अर्थ आपोआप निघतो. रोजची गोळी गिळणाऱ्या, सुजलेला हात उशीवर ठेवून निजणाऱ्या बाईला हा शब्द कुठेच धरत नाही. अ‍ॅन बॉयर या अमेरिकन कवयित्रीच्या ‘द अनडाइंग’ (२०१९) या पुस्तकात मात्र श्रम आणि पैसा मध्यभागी आहेत. दोन्ही स्तन काढल्यावर अवघ्या दहा दिवसांत तिला वर्गात जाऊन शिकवावे लागले, कारण रजा नव्हती. लॉर्डने सोडलेली जागा बॉयरने भरून काढायला सुरुवात केली आहे. पण वर्ग आणि शेत यांत अंतर आहे, आणि शेतातली बाई पुस्तक लिहीत नाही.

मग तिचे साहित्य कोण लिहिणार? येथे आपल्या परंपरेकडे पाहावे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ असो, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ असो, आपल्या बायांच्या आत्मकथनांनी देह लाजेतून बाहेर काढला. बाळंतपण, भूक, मार, ओझे यांना त्यांनी मराठी साहित्यात जागा दिली. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला बाईचे स्तन हे उपमेपुरते ठाऊक होते. आपल्या लेखिकांनी ते दूध पाजणाऱ्या, कामावर जाणाऱ्या, अपमानित होणाऱ्या बाईचे म्हणून दाखवले. आता त्यापुढचे पाऊल म्हणजे कापलेल्या, शिवलेल्या आणि तरीही राबणाऱ्या देहाचे कथन. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जात असल्याचे २०१९ साली चव्हाट्यावर आले तेव्हा चर्चा झाली ती शस्त्रक्रियांच्या संख्येची. त्यानंतर त्या बाया कोयता कसा धरतात, पाठ कशी सांभाळतात, रात्री झोपतात का, हे फार थोड्यांनी विचारले. आपली पत्रकारिता आणि आपली समीक्षा दोन्ही शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी थांबतात.

ही कथने बहुधा सांगितलेली असतील, लिहिलेली नसतील. ती उतरवून घेण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांना करता येईल, आणि ते प्रबंधापेक्षा उपयोगाचे ठरेल. ती हाती आल्यावर समीक्षकांनी त्यांना ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून माळ घालू नये आणि ‘नुसती माहिती’ म्हणून बाजूलाही सारू नये. अशा लेखनाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. उपचार संपल्याच्या दिवशी हे कथन संपते की सुरू होते? यातला देह कोणाच्या नजरेसाठी आहे, पाहणाऱ्याच्या की राबणाऱ्याच्या? बाई अंग चोरते तेव्हा तिला ते कोणी चोरायला लावले, हे लेखक दाखवतो का? आणि हे कथन वाचून तशीच दुसरी बाई पुढच्या तारखेला दवाखान्याच्या खोलीत थोडे अधिक बोलू शकेल का? शेवटचा प्रश्न साहित्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. दलित साहित्याला जन्मापासून हेच ऐकवले गेले आहे. आपण त्या वेळी ते मानले नाही. आता मानण्याचे कारण नाही.